आज्जी म्हणते ‘रझाकारी’, चाचा म्हणतात ‘ॲक्शन’: १९४८वर फिल्म करायचीय त्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा लातूरकडचा, पुण्यात मीडिया शिकतोय, आज्जी रझाकाराच्या टायमाच्या (म्हणजे १९४७-४८ला निजामाच्या बाजूने लढणारी हत्यारबंद रझाकार संघटना होती, तेव्हाच्या) गोष्टी सांगते, त्यावर स्वतःच्या हिमतीवर फिल्म करायचीय, दीड लाख जमवलेत, घरचे म्हणतात कशाला उकरून काढतो, आणि विचारतोय की डॉक्युमेंट्री करू का शॉर्ट फिल्म, लोकांना बोलतं कसं करायचं, आणि सेन्सॉरचं काय. मी वीसेक वर्षं असल्याच फिल्म करतोय, बहुतेक मराठवाड्यात, पैसा फारसा मिळाला नाही पण चुका भरपूर करून झाल्यात, त्यामुळे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

डॉक्युमेंट्री का शॉर्ट फिल्म, तर डॉक्युमेंट्री, आणि तीही लगेच. हिशोब साधा आहे, १९४८ला जे लेकरू दहा वर्षांचं होतं ते आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं आहे. शॉर्ट फिल्म तू पन्नाशीत पण करू शकतोस, नट मिळतील, सेट लागेल, पण आज्जी आणि तिच्या वयाची गावातली चार माणसं थांबणार नाहीत. माझ्या एका फिल्मच्या लिस्टमध्ये अकरा नावं होती, फंड येईल मग बघू करत दोन पावसाळे गेले, जाऊन बघितलं तर पाच शिल्लक, त्यातल्या एकाला काही आठवत नव्हतं आणि एकीला नको इतकं आठवत होतं.

आता मुद्द्याचं. तू तुझ्या प्रश्नात सगळीकडे ‘रझाकाराच्या टायमाला’ असं लिहिलंयस. आपल्याकडे हिंदू घरात हाच शब्द आहे, रझाकारी, रझाकारात, ‘रझाकारात आमी बार्शीला पळून गेलतो’. आता त्याच गावातल्या मुसलमान गल्लीत जा आणि त्याच वर्षाबद्दल विचार, तिथं रझाकार हा शब्द फारसा येणारच नाही, तिथं म्हणतात ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८ची पोलीस ॲक्शन, भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं ती. ‘ॲक्शन के पहले अपना बाडा था’, ‘अब्बा ॲक्शन में गए’. म्हणजे एकच साल, एकच वेस, एकच पाणवठा, आणि त्याला दोन नावं. एका घराची गोष्ट १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला तिथं संपते, दुसऱ्या घराची तिथं सुरू होते. तुझी फिल्म या दोन शब्दांच्या मधे आहे. एकाच शब्दावर केलीस तर ती फिल्म आधीच शंभरदा झालीय, भाषणात झालीय, व्हॉट्सॲपवर झालीय, अलीकडे मोठ्या पडद्यावर पण झालीय, त्यासाठी तुझे दीड लाख कशाला घालवतोस.

इतिहास तुला माहीत असेलच तरी पटकन सांगतो कारण पुण्यातल्या पोरांना हा भाग खरंच माहीत नसतो. १५ ऑगस्ट १९४७ला आपण स्वतंत्र नव्हतो, आपण मोगलाईत होतो, म्हणजे निजामाच्या राज्यात. कासिम रझवी, जो लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी गावोगाव पैसा वसूल केला, नाही दिला तिथं लूट, जाळपोळ, खून. बीदरकडचं गोर्टा, मे १९४८चं हत्याकांड, ते नाव आजही जुन्या माणसासमोर काढलं की तो गप्प होतो. आणि रझाकारांनी मारले ते फक्त हिंदूच नव्हते, हैदराबादला ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान रझवीविरुद्ध लिहायचा, त्याला ऑगस्ट १९४८मध्ये मारलं, त्याचं नाव किती लोक घेतात बघ. मग १३ सप्टेंबरला सैन्य आलं, सोलापूरकडून आलेल्या तुकडीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ला निजाम शरण. इथवर शाळेत सांगतात. त्यानंतर काय झालं ते सांगत नाहीत. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं, नोव्हेंबर-डिसेंबरात ते गावं फिरले, आणि त्यांच्या रिपोर्टात आहे की पोलीस ॲक्शनमध्ये आणि नंतर सगळ्या संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली, सगळ्यात वाईट हालत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडची. मेलेले बहुतेक मुसलमान. तो रिपोर्ट सरकारने कित्येक दशकं बाहेरच काढला नाही. (उस्मानाबाद वाचताना लातूर पण धर, तेव्हा लातूर तालुकाच होता, जिल्हा झाला १९८२ला. जुन्या कागदात लातूर जिल्हा शोधत बसू नको, माझा एक आठवडा त्यात गेलाय.)

त्याच रिपोर्टात अजून एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही, दोन्ही बाजूचे सांगत नाहीत कारण दोघांच्याही कामाची नाही. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यात स्वतःचे जीव पण गेले. दोन ओळी आहेत फक्त. फिल्म अशा दोन ओळीतून निघते.

आणि एक. ‘दोन बाजू’ म्हणत म्हणत तिसरी विसरू नको. गावकुसाबाहेर जा. हैदराबाद संस्थानात दलितांचे काही पुढारी निजामाच्या बाजूने होते, बाबासाहेबांनी १९४७मध्ये जाहीर सांगितलं होतं की निजामाला साथ देऊ नका, पण ॲक्शननंतर ‘हे पण त्यांचेच’ म्हणून कितीतरी ठिकाणी दलित वस्त्यांवर राग निघाला. त्या वस्तीत ना रझाकारी चालतं ना ॲक्शन. मी पहिल्या दोन फिल्ममध्ये तिकडे गेलोच नाही, गावात गेल्यावर पाटलाच्या ओसरीवर चहा मिळतो आणि मशिदीच्या कट्ट्यावर चहा मिळतो, दोन चहात आपल्याला वाटतं झालं गाव.

लोकांना बोलतं कसं करायचं, तर पहिल्या भेटीत कॅमेरा बॅगेतच ठेव, आणि मेहरबानी करून ‘तेव्हा काय झालं होतं’ असं विचारू नको. त्याचं उत्तर तयार असतं. सत्तर वर्षांत ते इतक्या वेळा सांगून झालंय की गुळगुळीत झालंय, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला ऐकलेलं भाषण आणि स्वतःची आठवण यांची गाठ बसलेली असते. तू वस्तू विचार. जनावरं किती होती, घरात दिवा कुठला, जोंधळा कुठं भरून ठेवायचे, निघालात तेव्हा कडी कुणी लावली.

एक प्रसंग सांगतो. लातूर-धाराशिवच्या मधलं एक गाव, नाव देत नाही. आज्जी शहाऐंशीची, ओसरीत बसून वाती वळत होती, समोर ताटलीत कापूस. मी येड्यासारखा अर्धा तास रझाकार रझाकार करत होतो आणि ती ‘व्हय, लई वंगाळ व्हतं’ एवढंच म्हणत होती. मग मी सहज विचारलं की जनावरं काय केली. हातातली वात थांबली. ‘म्हस सोडून गेलो की. गाठ सोडायला टाइम न्हवता, आईनं इळ्यानं दावं कापलं. म्हस आमच्या मागं मागं आली पांदीपातूर. आई तिला खडे मारीत व्हती, जा म्हणून.’ मग पुढचे चाळीस मिनिटं मला काही विचारावंच लागलं नाही. अंधारात चालणं, लहान भावाच्या तोंडावर पदर दाबून धरलेला, इंग्रजी हद्द (म्हणजे निजामाच्या राज्याबाहेरची, जुनंच नाव) लागली हे कशावरून कळलं, सगळं. आणि शेवटी म्हणाली, ॲक्शन झाल्यावर (तिने पहिल्यांदाच तो शब्द वापरला) परत आलो तर म्हस गोठ्यात. नवं दावं. मी विचारलं कुणी बांधली होती. ती परत वाती वळायला लागली, म्हणाली ‘बांधली आसंल कुनीतरी’. आतल्या खोलीतून तिच्या पोराने घसा खाकरला.

मी पुढे विचारलं नाही. ते बरोबर केलं का चूक हे मला आजही ठरवता येत नाही, पण तो खाकरल्याचा आवाज फिल्ममध्ये ठेवला.

दुसऱ्या गल्लीत एक चाचा होते, टेलर. घरातच शिलाई मशीन. ॲक्शनच्या वेळी सात वर्षांचे. म्हणाले, ‘अब क्या निकालना वो सब, नको बेटा’, आणि तरी उठून गेले नाहीत, मशीनजवळ बसून राहिले, हात चाकावर. बोलताना हाताने ते चाक हळूहळू फिरवत होते, नुसतंच, कापड नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये कट्-कट् आवाज, आमचा साउंडवाला पोरगा वैतागला, खुणा करायला लागला की थांबवायला सांगा. नशीब मी सांगितलं नाही. एडिटला बसल्यावर कळलं की ज्या वाक्यापाशी चाक थांबतं तिथंच गोष्ट आहे, बाकीचं सगळं ते आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगत होते. म्हणून सांगतो, पंखा बंद कर, टीव्ही बंद कर, पण माणसाच्या हातातलं काम बंद करू नको.

एक साधी ट्रिक, जी मला फार उशिरा कळली. ‘ते’ आणि ‘त्यांनी’ हे शब्द आले की थांबायचं. ‘त्यांनी जाळलं.’ त्यांनी म्हणजे कुणी? किती जण होते? कुठल्या गावचे? तोंड बघितलं का? ओळखीचं कुणी होतं? हे पोलिसासारखं नाही विचारायचं, आज्जीला नातू विचारतो तसं विचारायचं. बहुतेक वेळा ‘ते’ म्हणजे अख्खा समाज, असं सुरू झालेलं उत्तर शेवटी चार माणसांवर येतं, त्यातले दोन बाहेरगावचे आणि दोघांची नावं सांगायची नाहीत. आणि हो, ‘सगळे बाहेरचे होते’ यावर पण लगेच विश्वास ठेवू नको. कधी ते खरं असतं, कधी ते एकाच गावात पुढची सत्तर वर्षं काढता यावीत म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. तू ते खोडून काढायला तिथं गेलेला नाहीस. पण कोण म्हणताना कुणाकडे बघतं, तेवढं कॅमेऱ्यात असू दे.

कागदपत्रांसाठी धीर ठेव. जुने महसुली कागद उर्दूत आणि साल फसली (तेव्हाची सरकारी कालगणना), त्यात ५९० मिळवलेस की साधारण इसवी सन येतो. उर्दू वाचणारा एखादा रिटायर्ड मास्तर किंवा पेशकार (कचेरीतला कारकून) धर, फी दे, आणि जमल्यास त्यालाच फिल्ममध्ये घे, माझ्या एका फिल्ममधलं सगळ्यात चांगलं पात्र तोच निघाला. कुणाची जमीन १९४८च्या आधी कुणाच्या नावावर होती आणि १९५०ला कुणाच्या, एवढं जरी कळलं तरी गावातली निम्मी शांतता कशाची आहे ते समजतं. अर्थात ते फिल्ममध्ये घालायचं का हा वेगळा प्रश्न, मी घातलं नाही, सातबारावरून आजही खून पडतात.

एडिट. इथं सगळा खेळ आहे आणि इथंच प्रामाणिक लोकांची पण फिल्म वाकडी होते. समज तू आधी रझाकारांची जाळपोळ दाखवली आणि नंतर विहिरी, म्हणजे ॲक्शननंतरच्या विहिरी, ज्या मयतांनी भरल्या होत्या. तू एक शब्दही बोलला नाहीस तरी प्रेक्षकाला ऐकू येतं की ‘केलं म्हणून झालं’. उलटं लावलं तर दुसऱ्या बाजूला वाटतं आमचं दुःख हे नुसतं तळटीप. कालक्रम लपवता येत नाही आणि लपवू पण नये, पण तेव्हा सात वर्षांचे असलेल्या टेलर चाचांनी कुठलं गाव जाळलं होतं? मी शेवटी काय केलं तर समाजावरून फिल्म लावलीच नाही, शेतीच्या कामावरून लावली. जूनला पेरणी, श्रावणात खुरपणी, सप्टेंबरात मुगाची रास, मग पुढची ज्वारी. प्रत्येक कामापाशी तिन्ही वस्त्या येतात. मुगाच्या राशीच्या वेळी एक घर बार्शीला होतं, एक घर कडी लावून आत बसलं होतं, आणि रास तशीच रानात पडून होती, पावसात कोंब आलेली. ते कोंब तिघांनाही आठवत होते. हा तोडगा माझ्या गावापुरता, तुझ्या गावात वेगळं काही सापडेल, पण धर्म सोडून दुसरा कुठलातरी दोरा शोध ज्याला सगळे बांधलेले होते.

दाखवायचं काय, कारण गावातलं फुटेज नाही. जे आहे ते सैन्याचं, शरणागतीचं, हैदराबादचं, तुझ्या गावात १९४८ला कॅमेरा कुणाकडे होता. म्हणून लोक काय करतात, धूर सोडतात, मशाली घेऊन पोरं पळवतात, वर ड्रोन. नको. ड्रोनमधून कुठलंही गाव सुंदरच दिसतं. गावात हुतात्मा स्मारक असेल तर ते दाखव, बरीचशी बंद कुलपात असतात, आत सिमेंटच्या गोण्या. आणि दुसऱ्या बाजूला दगडसुद्धा नाही, ते पण दाखव, म्हणजे नुसती मोकळी जागा, जिथं आता बसस्टँड किंवा बोअर आहे. विहीर दाखवायची असेल तर दुपारची दाखव, मोटार चालू असताना, पाणी पिकाला जाताना. संध्याकाळची लांब सावली आणि सारंगी घातलीस की संपलं. म्युझिक तर मी म्हणेन नकोच.

आता जे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. तू शूट करून पुण्याला जाणार. ती माणसं तिथंच राहणार, त्याच दुकानातून साखर आणणार. एका जुन्या फिल्मच्या वेळी मी ट्रेलरमध्ये एका म्हाताऱ्याचं पंधरा सेकंदांचं वाक्य टाकलं, फिल्ममध्ये त्याच्या पुढचं वाक्य असं होतं की सगळा अर्थच बदलतो, पण ट्रेलरमध्ये ते नव्हतं. कुणीतरी तेवढा तुकडा कापून फिरवला, वर लाल अक्षरात काहीतरी लिहून, आणि त्या म्हाताऱ्याच्या नातवाचं आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान होतं ते तीन आठवडे लागलं नाही. मला कुणी काही म्हटलं नाही, म्हाताऱ्याने तर उलट चहाच पाजला, ते जास्त लागलं. तेव्हापासून नियम केलाय, फायनल कट झाल्यावर फिल्म तीस-तीस सेकंदांची तोडून बघायची आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं की हा एकटा व्हॉट्सॲपवर गेला तर कुणाचं काय होईल. ज्याचं उत्तर वाईट येईल तो तुकडा एकतर जातो, नाहीतर त्याच शॉटमध्ये, त्याच श्वासात पुढचं वाक्य आणून बसवायचं, म्हणजे कापताच येणार नाही.

आणि परवानगी एकदा नाही, दोनदा घ्यायची. शूटच्या वेळी कॅमेऱ्यावर, बोलणाऱ्याच्या भाषेत, वकिली कागद नंतर. आणि एडिट झाल्यावर परत, फिल्म दाखवून. आम्ही शाळेच्या खोलीत चादर लावून आधी फक्त बोललेल्या माणसांना दाखवली, सरपंचाला पण नाही (तो रुसला, नंतर मानला). टेलर चाचा शेवटपर्यंत गप्प बसले आणि बाहेर पडताना म्हणाले, विहिरीचं काढून टाक, पोरगी आता त्याच रस्त्याने कॉलेजला जाते. चार मिनिटं होती. फिल्ममधली सगळ्यात चांगली चार मिनिटं. काढली. एका फेस्टिव्हलवाल्याने नंतर विचारलं की मधे काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, मी म्हटलं हो राहिलंय.

दीड लाखाचं: कॅमेरा मित्राचा माग, चांगला फोन पण चालतो. पैसा साउंडवर घाल, दोन कॉलर माइक आणि ऐकता येणारा एक माणूस. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरात, माझी एकच होती आणि ती बसमध्ये राहिली. उरलेला पैसा जाण्यायेण्यात, कारण एकाच घरी सहावेळा जावं लागतं आणि सहाव्या वेळी ते म्हणतात तो कॅमेरा काढ की आता. सबटायटलला पैसे ठेव, आणि दख्खनीचं (चाचा बोलतात ती बोली) पुस्तकी उर्दू करणाऱ्या माणसाला काम देऊ नको.

सेन्सॉरचं पोरं उगाच आधी टेन्शन घेतात. थेटरात किंवा जाहीर शो लावायचा तर सर्टिफिकेट लागतं, फेस्टिव्हलला केंद्राच्या खात्याकडून सूट घेता येते, यूट्यूबला ते सर्टिफिकेट लागत नाही. अडवलं तर पूर्वी अपिलाचं ट्रिब्युनल होतं, ते २०२१ला बंद केलं, आता थेट हायकोर्ट, म्हणजे वकील, म्हणजे पैसे. २००४च्या मुंबईच्या सरकारी फेस्टिव्हलसाठी भारतीय डॉक्युमेंट्रींना सर्टिफिकेटची अट घालायचं ठरलं, विरोध झाल्यावर अट मागे घेतली पण बऱ्याच फिल्म नाकारल्या, तेव्हा फिल्मवाल्यांनी ‘विकल्प’ नावाने समोरच आपला फेस्टिव्हल भरवला होता, तेव्हा मी नुकताच शिकत होतो, असले शो कसे लावायचे ते तिथून कळलं. तुला जास्त जपायचंय ते भारतीय न्याय संहितेच्या १९६ आणि २९९ला, म्हणजे आधीचे १५३ अ आणि २९५ अ, तेढ निर्माण करणं आणि धार्मिक भावना दुखावणं. कुणीही तक्रार करू शकतं. रॉ फुटेज पूर्ण सांभाळ, कुठलं वाक्य कुठल्या संदर्भात आलं ते दाखवता आलं पाहिजे. आणि एक लक्षात ठेव, १९८८ला दूरदर्शनवर ‘तमस’ ही फाळणीवरची मालिका चालू असताना ती बंद करा म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने बंद केली नाही, म्हणालं की परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून, डळमळीत मनाच्या माणसाच्या नाही. वकिलाला हे माहीत असतं, तुला पण असू दे.

घरचे म्हणतात उकरू नको, तर त्यांच्याशी भांडू नको. ते अगदीच चूक नाहीत. पण त्यांना विचार की कशाची भीती वाटते, कुठल्या घराची, कुठल्या नावाची. मला वाटतं तुझी पहिली मुलाखत आज्जीची नसून तुझ्या वडलांची असेल. त्या आज्जीच्या घरी ज्याने घसा खाकरला, तो तुझ्या घरी ते.

सोयाबीनच्या काढणीत जाऊ नको, कुणी मोकळं नसतं आणि मळणी मशीनच्या आवाजात काहीच रेकॉर्ड होत नाही, दिवाळीनंतर जा. पण आज्जीला आज रात्रीच फोन लाव, फोन रेकॉर्ड करतोय हे तिला आधी सांग, आणि विचार की पळताना जनावरांचं काय केलं.